आधी सांगा, मग विका, आणि बिल द्या: तालुक्यातल्या कॉम्प्युटर दुकानदारांना खुलं पत्र

प्रति,
विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत कॉम्प्युटर, राउटर, केबल आणि यूपीएस विकणारे सर्व दुकानदार

भाऊ हो, सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. घरचं साडेचार एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी आणि तूर. त्याच्या जोडीला गावातल्या तीन बचत गटांचा हिशेब मी ठेवते आणि लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. पीक विमा, ई-पीक पाहणी, शेतकरी ओळखपत्र, आणि या हंगामात सरकारी कापूस खरेदी करणाऱ्या सीसीआयला कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवरची नोंदणी. नेट बंद पडलं की माझ्या ओसरीत माणसं बसून राहतात. शेवटची तारीख असली तर रात्रीपर्यंत बसतात. राउटर, केबल, यूपीएस या माझ्या घरी हौसेच्या वस्तू नाहीत. डवऱ्याला बैल लागतो तशा त्या लागतात.

गेल्या चार वर्षांत मी तुमच्यासारख्या दुकानांतून दोन राउटर, एक लॅपटॉप, एक यूपीएस आणि केबल असं सामान घेतलं. पैसे बहुतेक कापसाच्या चुकाऱ्याचे, म्हणजे वर्षातून एकदाच हातात येणारे. किमतीबद्दल माझी तक्रार नाही. दुकानाचं भाडं, पोरांचा पगार, लाइटचं बिल तुम्हालाही आहे, चार पैसे तुम्ही कमवायलाच हवेत. माझं म्हणणं एवढंच आहे की वस्तू काय आहे आणि माझ्या कामाची आहे का, हे विकण्याआधी सांगा. आणि विकल्यावर पक्कं बिल हातात द्या.

हे शहरातल्या गिऱ्हाइकाला जितकं लागतं त्याहून आम्हाला जास्त लागतं. का ते सांगते. आमच्या गावाहून तालुका ३४ किलोमीटर. सकाळी साडेआठची एसटी, परतीची चारची. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यानं भाड्याचा भार हलका झाला, पण दिवस जातो तो जातोच. निंदणाच्या किंवा वेचणीच्या दिवसांत तो दिवस म्हणजे बुडालेली रोजी. तुमच्याकडून चुकीची वस्तू आली तर बदलायला एक दिवस, नाही बदलली तर दुसऱ्या दुकानात एक दिवस, आणि "सर्व्हिस सेंटर नागपूरला आहे" म्हटलं की मुक्कामच.

पहिल्या राउटरचं सांगते. २०२२ च्या पावसाळ्याआधी गावात फायबर आलं. नेटवाल्यानं घरात जो छोटा डबा लावला त्यात वायफाय नव्हतं, राउटर तुमचा तुम्ही आणा म्हणाला. मी तालुक्याला गेले. काउंटरवरच्या माणसाला स्पष्ट सांगितलं, गावात फायबर आलं आहे, घरी वायफाय पाहिजे. त्यानं मागच्या फळीवरून एक खोका काढला, वरची धूळ फडक्यानं पुसली आणि म्हणाला, "काकू, हा घ्या. चार अँटेनाचा हाय. पूर्ण घरात नेट भेटन." १,८५० रुपये दिले.

दुसऱ्या दिवशी नेटवाला पोरगा आला. त्यानं डब्यातून निघालेली केबल हातात घेतली, राउटर उलटा केला, आणि केबल तशीच हातात धरून थांबला. मागं चार रुंद पोर्ट होते आणि त्यांच्या बाजूला एक अरुंद. बाहेरून येणारं नेट त्या अरुंद पोर्टातच घ्यायचं होतं आणि केबलचा जॅक त्यात जाईना. "वयनी, हा तं टेलिफोनच्या लाइनचा हाय. आपलं फायबर हाय."

तो एडीएसएल राउटर होता. तांब्याच्या टेलिफोन लाइनवरून नेट येत होतं त्या काळातला. आमच्या गावात टेलिफोनची तार उरलेलीच नाही. तो राउटर तुमच्या फळीवर कितीतरी दिवस पडून असणार, आणि फायबर म्हणजे काय ते मला कळणार नाही असं धरून तो मला दिला गेला. परत घेऊन गेले तर उत्तर मिळालं, "सील फुटलं ना आता, कंपनी नाही घेत." सील फोडल्याशिवाय मला मागचे पोर्ट दिसणार कसे होते?

दोन पावसाळे तो राउटर ट्रंकेत पडून होता. मग लेकीनं व्हिडिओ बघून बघून त्याचं काम शोधलं. तोवर आम्ही दुसरा, नीट राउटर घेतला होता. आमचं घर मातीचं, भिंती दीड हात जाड. ओसरीतल्या राउटरचं वायफाय मागच्या खोलीत पोचायचं नाही. पाच गिगाहर्ट्झचं तर माजघरातच संपायचं, २.४ चं थोडं पुढं यायचं. लेकीनं जुन्या राउटरमधलं डीएचसीपी, म्हणजे मोबाइल-कॉम्प्युटरना नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम, बंद केलं, त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ होता तो बदलून शेवटचा आकडा २ केला, आणि नव्या राउटरची केबल त्या चार रुंद पोर्टांपैकी एकात लावली. टेलिफोनच्या पोर्टाला हातच लावला नाही. मागच्या खोलीत वायफाय सुरू झालं, ते आजही सुरू आहे. मुख्य राउटर म्हणून न चालणारी वस्तू दुसऱ्या खोलीसाठी चालते, हे दुकानात ज्याला माहीत असायला पाहिजे त्यानं मला दोन मिनिटांत सांगितलं असतं तर मी ती अर्ध्या किमतीत आनंदानं घेतली असती. जुना माल विकू नका असं माझं म्हणणं नाहीच. जुना आहे हे सांगून विका.

आता केबल. याचं मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण यात पैशापलीकडचा धोका होता.

बचत गटाची खोली आमच्या घरापासून गल्ली ओलांडून आहे. तिथं नेट न्यायचं म्हणून जानेवारी २०२४ मध्ये मी ५० मीटर केबल घेतली, मीटरला १४ रुपये. वरच्या आवरणावर कॅट सिक्स छापलेलं होतं. कुठून कुठं टाकायची, मी दुकानात सांगितलं होतं: एका घराच्या टिनावरून दुसऱ्या घराच्या टिनावर, उघड्यावर. कोणी काही बोललं नाही. मापून, कापून, गुंडाळून दिली.

मे महिना आमच्याकडे कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. पारा ४५ च्या पुढं, आणि टिनाला हात लावला तर पोळतो. महिनाभरात केबलचं करडं आवरण कडक झालं आणि वळणाजवळ तडकलं. नेट कधी चालू, कधी बंद. नेटवाल्या पोरानं जॅक कापून नवा बसवायला घेतला तर आतली एक तार बोटाच्या दाबानं तुटली. दुसरी धरली, तीही तुटली. त्यानं खिशातलं ब्लेड काढलं आणि तार उन्हात धरून हलकेच खरवडली. वरचा तांबूस रंग निघाला आणि खाली पांढरं चमकलं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. शुद्ध तांब्याची तार कितीही खरवडली तरी आत तांबूसच राहते. मी शेतकऱ्याच्या घरची, मोटारपंपाची जळकी वायंडिंग हातात घेऊन ओळखता येते मला. पण या केबलीत असंही असतं हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

मुलाम्याची केबल शुद्ध तांब्याच्या केबलीपेक्षा हलकी असते, वाकवली की लवकर मोडते, तिच्यातून वीज नेताना ती जास्त तापते. आठ तारांपैकी ठरावीक चार शाबूत असल्या तरी शंभर एमबीपीएसपर्यंत नेट चालतं, म्हणून दुकानात किंवा पहिल्या दिवशी काही कळत नाही. गिगाबिटला आठही लागतात. आणि उघड्यावर टाकायची केबल वेगळी मिळते, काळ्या आवरणाची, उन्हाला टिकणारी. हे सगळं तुम्हाला ठाऊक असतं. दोन्ही केबली एकाच दुकानात असतात, नुसता दर वेगळा. मला १४ ची दिली तेव्हा "ही मुलाम्याची आहे, घरातल्या घरात दोनचार वर्षं चालेल, बाहेर टाकू नका" एवढं वाक्य पुरलं असतं.

खरा धोका पुढं झाला. ती केबल जोडून-तोडून आम्ही चालवत होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाच्या तोंडावर, संध्याकाळी कडकडाट झाला आणि गावाबाहेरच्या निंबावर वीज पडली. आमच्या घरावर नाही, दूर. तरी त्या तारेत एवढा दाब आला की घरच्या राउटरचा पोर्ट जळाला आणि गटाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरचा नेटचा पोर्टही. त्या वेळी कॉम्प्युटरपुढं गटाची एक ताई बसलेली होती. तिला काही झालं नाही. पण ती संध्याकाळ माझ्या मनातून जात नाही.

दोन इमारतींच्या मधे तांब्याची केबल उघड्यावरून टाकूच नये, तिथं फायबर टाकावी आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि साधी नेटची केबल यांना जोडणारे डबे, लावावेत, काचेतून वीज वाहत नाही, आणि फायबरला धरायला आत धातूची तार असेल तर तीही डब्याला जोडू नये, हे मला नंतर कळलं. विदर्भात दर वर्षी वीज पडून माणसं आणि ढोरं मरतात. अशा मुलखात टिनावरून तांब्याची केबल नेणार म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला थांबवणं हे दुकानदाराचं काम आहे असं मी मानते. औषधाच्या दुकानात चुकीची बाटली मागितली तर दुकानदार थांबवतो ना?

यूपीएसचं थोडक्यात. ६०० व्हीएचा, आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी. चौदा महिन्यांत बॅटरी गेली. उन्हाळ्यात टिनाखाली ठेवल्यानं तिचं आयुष्य घटलं असणार, साधारण दहा अंश तापमान वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं, तेव्हा त्यातला काही दोष माझा. पण बॅटरीवर दोन वर्षांची वॉरंटी छापलेली होती आणि ती मला मागता आली नाही, कारण बिल नव्हतं.

इथं बिलाकडे येते. तुमच्याकडे एक गुलाबी चिठ्ठी असते, वर "एस्टिमेट" छापलेलं. त्यावर पेननं लिहिता, लॅपटॉप १ नग, १८,५००. खाली बारीक अक्षरात, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही." पक्कं बिल मागितलं की ऐकावं लागतं, "कायले पायजे बिल? अठरा टक्के जास्त लागतीन." अठरा टक्के ऐकून माणूस गप्प बसतो. मीही बसले होते.

जुलै २०२५ मध्ये लेकीला डिप्लोमाला लॅपटॉप घेतला, रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला, नीट करून पुन्हा विकलेला. आय-फाइव्ह प्रोसेसर आहे, विंडोज इलेव्हन टाकून दिलं आहे, असं सांगितलं. तिनं कॉलेजात प्रोसेसरचा आकडा बघितला, आय-फाइव्ह, डॅश, ६३००. डॅशनंतरचा तो सहा म्हणजे सहावी पिढी. विंडोज इलेव्हनला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. याच्यात ती अट चुकवून घातलेलं आहे, आणि अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. विंडोज टेनवर परत जावं तर त्याचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. म्हणजे जे मशीन तीन महिन्यांत अडचणीत येणार हे विकणाऱ्याला माहीत होतं, ते तीन वर्षांच्या कोर्ससाठी एका पोरीला दिलं. आठव्या पिढीचा जुना लॅपटॉप तीनचार हजारांनी महाग पडला असता. मी ते दिले असते. मला विचारायला पाहिजे होतं.

चाळीस दिवसांत कीबोर्डची एक अख्खी ओळ बंद पडली. घेऊन गेले. दुकानदारानं लॅपटॉप हातात घेऊन बघितला आणि विचारलं, "हा आमच्याकडचाच आहे कशावरून?"

चिठ्ठीवर सिरियल नंबर नव्हता. दुकानाचा शिक्का नव्हता. पैसे रोख दिले होते. ज्या माणसानं मला चहा पाजून तो लॅपटॉप विकला तोच मला हे विचारत होता आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं. लेक बाजूला उभी होती. तिनं माझी पिशवी धरली आणि म्हणाली, "आई, चल." परतीच्या एसटीत आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही.

म्हणून अठरा टक्क्यांचं मी नीट समजून घेतलं. खोक्यावरच्या छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, छापील किमतीवर जीएसटी वेगळा लावता येत नाही. ज्या दुकानदारानं लहान धंद्यासाठीची जीएसटीची कंपोझिशन योजना घेतली आहे त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वसूल करताच येत नाही, तो बिल ऑफ सप्लाय, म्हणजे कर न लावलेलं बिल, देतो. ज्याची उलाढाल इतकी लहान आहे की नोंदणीच लागत नाही, त्यालाही साधं सही-शिक्क्याचं बिल देता येतं. बिल न देणं, आणि सदोष माल ठरलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं, या दोन्ही गोष्टी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं अनुचित व्यापार प्रथा ठरवल्या आहेत. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. तक्रार आता गिऱ्हाइकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि १९१५ या नंबरावर फोन करून सल्ला मिळतो. हे मी धाक घालायला सांगत नाही. बचत गटाच्या बैठकीत मी हे सगळ्या बायांना सांगितलं आहे, तेव्हा तुम्हालाही माहीत असलेलं बरं.

तुम्ही म्हणाल, लोक ऑनलाइन घेतात, आमचा धंदा बसला, उरलेल्या गिऱ्हाइकानं तरी समजून घ्यावं. मी समजते. पण ऑनलाइन घेतलेलं पार्सल आमच्या गावात येत नाही, तालुक्याला जाऊनच आणावं लागतं. बिघडलं तर पॅक करून पाठवायची सोय गावात नाही. आम्हाला दुकानच पाहिजे. जॅक समोर बसवून देणारा, अडॅप्टर तपासून देणारा, बिघडल्यावर ज्याच्यापुढं उभं राहता येईल असा माणूस पाहिजे. तुमची खरी ताकद तीच आहे आणि ती तुम्ही एका गुलाबी चिठ्ठीपायी घालवत आहात.

असं दुकान असतं, मी बघितलं आहे. दुसरा राउटर मी शेजारच्या तालुक्यातून आणला. एसटी स्टँडजवळ लहानसं दुकान, पंचविशीतला मुलगा. वस्तू दाखवायच्या आधी त्यानं मलाच प्रश्न विचारले. नेट फायबरचं की सिमचं? प्लॅन किती एमबीपीएसचा? घर मातीचं की सिमेंटचं? लाइट किती वेळ जाते? माझे मालक सोबत होते, तरी तो माझ्याशी बोलत होता, कारण उत्तरं मी देत होते. हेही लिहून ठेवते, कारण बऱ्याच दुकानांत प्रश्न मी विचारते आणि उत्तर त्यांना मिळतं.

त्यानं दोन राउटर पुढं ठेवले. खोक्यावर लिहिलेला १२०० चा आकडा म्हणजे दोन्ही बँडच्या वायफायची बेरीज, ३०० आणि ८६७, नेटचा वेग नव्हे, हे सांगितलं. मागचे पोर्ट शंभरचे आहेत हे दाखवलं. मग म्हणाला, "ताई, तुमचा प्लॅन चाळीसचा आहे. गिगाबिटचा महाग घेऊन काही फायदा नाही. हा घ्या आणि वाचलेल्या पैशात राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस न्या." खोका त्यानं माझ्यासमोर उघडला. अडॅप्टरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का आणि आर-पासून सुरू होणारा नंबर दाखवला, मल्टिमीटर लावून व्होल्टेज मोजलं. राउटरच्या तळावरचा सिरियल नंबर बिलावर स्वतःच्या हातानं लिहिला आणि एकेक आकडा मला वाचून दाखवला. या सगळ्याला वीस मिनिटं लागली असतील. त्याच्याकडे जायला आम्हाला ११ किलोमीटर जास्त पडतात. तेव्हापासून आमच्या गावातून आणखी पाच घरं त्याच्याकडे गेली, कोणी जाहिरात केली नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. गिऱ्हाईक आलं की नेट कशाचं आणि वस्तू कुठं लावणार हे आधी विचारा. केबल मुलाम्याची की शुद्ध तांब्याची, हे रिळावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून ठेवा आणि दोन्हींचे दर बाजूबाजूला लिहा, ज्याला जी परवडेल ती तो घेईल. जुन्या लॅपटॉपवर पिढीचा आकडा आणि विंडोज कोणतं अधिकृतपणे चालेल ते चिकटवा. बिलावर सिरियल नंबर लिहा. आणि ते एस्टिमेटचं पॅड संपलं की नवं छापू नका.

यंदाचा कापसाचा चुकारा आला की तिन्ही गट मिळून एक प्रिंटर घेणार आहेत आणि गल्लीपलीकडच्या खोलीला फायबर टाकणार आहेत. संक्रांतीनंतरच्या बाजाराच्या दिवशी आम्ही चौघी जणी तालुक्याला येऊ. पहिल्यांदा आपल्याच तालुक्यातल्या दुकानात विचारू. खोलीपर्यंतचं अंतर मी परवा टेपनं पुन्हा मोजलं, वळणासकट ५२ मीटर भरतं. त्या मापाची, बाहेर टाकायची, आत धातूची तार नसलेली फायबर आणि मीडिया कन्व्हर्टरची एक जोडी लागेल. बिल गटाच्या नावानं हवं.

आपली,
एक गिऱ्हाईक, यवतमाळ जिल्हा